पस्तीस अंश

मिरजेत माणसं गुडघे बदलायला येतात,
जतहून, सावळजहून, पार अथणीहून,
जीपच्या मागच्या सीटवर पाय लांब करून.
मी त्यांना पुन्हा वाकायला शिकवते.
माझ्याजवळ प्लास्टिकचा एक कोनमापक आहे,
कंपासपेटीतल्याचा थोरला भाऊ,
म्हणून वॉर्डात मी कोनवाली बाई.

गजराबाई झांबरे, बेड नऊ, उजवा गुडघा.
चौथ्या दिवशी तिला पलंगाच्या दांडीला धरून उभं केलं.
म्हटलं, पाठ ताठ. टाचा टेकलेल्या. आता गुडघ्यात थोडं खाली.
मागं खुर्ची आहे असं समजा, पण बसायचं नाही.
ती खाली गेली, थांबली, हसली.
"आगं पोरी, ह्यो तर मुजरा झाला."

"आजवर किती वेळा वाकलात, मावशी?"
फाइलसाठी विचारलं नव्हतं मी,
पण तिनं हिशेब मांडला:
एका माणसाला तीनदा.
पदराची दोन्ही टोकं हातात,
आधी जमिनीला, मग कपाळाला, तीनदा.
भावकीत थोरली माणसं एकोणीस.
पाडवा, दसरा, संक्रांत, बारसं, जावळ,
कुणी गावाला निघालं तर, कुणी गावाहून आलं तर.
"देवापुढं कमी गं. देव कुटं उठून जातोय.
मानसं उंबऱ्यात हुबी ऱ्हात्यात, पाय पुढं करून."

एक्स-रेत तेच दिसत होतं.
हाडावर हाड,
मधली गादी उंबऱ्यासारखी झिजलेली, मधोमध.

माझ्या लग्नात, कुपवाडच्या हॉलमध्ये, मी मोजलं नव्हतं.
फोटोग्राफर म्हणत होता, ताई, परत एकदा,
हात पायावरच ठेवा, मान जरा इकडं.
ज्यांच्या पायांशी मी तेवढा वेळ थांबले
ते कोण, हे आजही सासरी कुणाला सांगता येत नाही.
फोटोत त्यांचे फक्त बूट आहेत.

मंगळवारी चार वाजता, भेटीच्या वेळेला,
दारात एक म्हातारी. नऊवारी, काठी, कॅरीबॅगेत बेदाणे.
बायनाबाई, गजराबाईची थोरली जाऊ.
विहिरीच्या पाळीवरून अकरा वर्षं बोलणं नाही,
एका बांधाला दोघींच्या पाठी.
हे मला नंतर कळलं.
तेव्हा एवढंच कळलं की बेड नऊच्या आसपास
सगळ्या जणी एकदम गप्प झाल्या.

गजराबाईनं वॉकर सोडला.
मी ओरडणार होते.
तिनं खांद्यावरचा टॉवेल दोन्ही टोकांनी धरला,
हॉस्पिटलच्या गाऊनला पदर नसतो ना,
पाठ ताठ, टाचा टेकलेल्या,
आणि मी शिकवलं होतं तेवढीच खाली गेली,
तेवढ्यावरच हवेत थांबली.

म्हातारीला वाटलं, ही पडतेय.
काठी टाकून ती पुढं झाली, हात पसरून,
आणि स्वतःच गुडघ्यांत मोडली.
मग दोघी तशाच, अर्ध्या वाटेवर,
एकमेकींची कोपरं धरून,
कोण कुणापुढं वाकलंय ते समजू नये अशा.
बेड दहावरची म्हणाली, धरा की कुनीतरी.
कुणी हललं नाही. मीसुद्धा.

"ऊठ," बायनाबाई म्हणाली.
"तुमी उठा आदी."
"मला उठवंना झालंय गं."

तेव्हा मात्र आम्ही धावलो.

बेदाणे वॉर्डभर वाटले गेले, आयाबाईंना मूठभर जास्त.
पाण्याच्या पाळीचं पुढं काय झालं, माहीत नाही.
डिस्चार्जच्या कागदात तसला रकाना नसतो.
मी लिहिलं: उजवा गुडघा, उभ्यानं, पस्तीस अंश,
आधाराशिवाय.
मग 'आधाराशिवाय' खोडलं.